झाडाला बांधलेला तांब्या

हॉस्टेल शहराच्या अगदी मध्यावर होतं आणि सगळा घात त्यामुळेच झाला, असं चारुदत्त आजही पनवेलमध्ये भेटेल त्याला सांगतो. सांगू दे. ते हॉस्टेल त्यानेच इंटरनेटवर शोधलं होतं, तेव्हा दोष जागेवर ढकलणं त्याला सोयीचं आहे. खरा घात भावेशच्या उजव्या हाताने केला, आणि तो हात काही परदेशात जाऊन बिघडला नव्हता. तो पनवेलच्या कोळीवाड्यातच बिघडलेला होता.

भावेश बंदरातून कंटेनर वाहणारा ट्रेलर चालवायचा. तोंडाने कमी बोलायचा, हाताने जास्त. बाप दिनानाथ करंज्याच्या बंदरातून होडी घेऊन गेला आणि परतला नाही, तेव्हा भावेश एकोणीस वर्षांचा होता आणि धाकटा जीवन नऊचा. त्या दिवसापासून भावेश जीवनचा बाप झाला. बाप म्हणजे मारणारा माणूस, एवढंच त्याला ठाऊक होतं. शाळा बुडवली म्हणून मार, खाडीवर पोहायला गेला म्हणून मार, आणि ताप आला की रात्रभर उशाशी बसायचं तेही यानेच. भावेशचा या पोरावर किती जीव आहे हे अख्ख्या कोळीवाड्याला माहीत होतं. एका जीवनला तेवढं ते कधी कळलं नाही.

एका एजंटाने जीवनला मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लावून दिलं. पहिली फेरी करून पोरगा परत आला तो पुन्हा जाणारच नाही म्हणत. जहाजाच्या पोटात उतरायची भीती वाटते म्हणाला. कोळ्याचं पोर जहाजाला भितं, हे भावेशच्या डोक्यात गेलं. त्याने दारातच, शेजारीपाजारी बघत असताना, जीवनला होडीच्या दोराने फोडून काढलं. आई मध्ये पडली, तिला ढकलून दिलं. मग ओठ फाटलेल्या त्या पोराला गाडीत कोंबून थेट विमानतळावर सोडून आला, आणि परत येताना कळंबोलीला गाडी बाजूला लावून ढसाढसा रडला. हे रडणं अर्थातच कुणी पाहिलं नाही.

अकरा आठवड्यांनी, २०१४ च्या जूनमध्ये, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या गोदीत जीवन जहाजाच्या पोटात पडला. चाळीस फूट खाली. एजंटाने भावेशला ऑफिसात बोलावून ही बातमी दिली, आणि भावेशने एजंटाचे पुढचे दोन दात त्याच्याच टेबलावर पाडले. त्याने गेलेला जीव परत येत नव्हता. मृतदेह आणायच्या कागदांत तीन आठवडे गेले, शेवटी तिथेच दहन करायचं ठरलं आणि अस्थी न्यायला घरचं माणूस पाठवा असा निरोप आला.

गंगाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. बातमी आल्यापासून ती भावेशशी एक शब्द बोलली नव्हती. तो निघाला त्या दिवशी तिने एक नवा कोरा तांब्या आणि लाल फडकं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

“मारून धाडलंस त्याला तू,” ती म्हणाली. “आता तूच घेऊन ये. घरात न्यायचा नाय, भुईवर टेकवायचा नाय. झाडाला बांधायचा. आन हात उचलू नको कुनावर तिकडं. मला माजा जीवन पायजे. दुसरं काय नको.”

आपल्याकडे अस्थी घरात ठेवत नाहीत. पाण्यात सोडेपर्यंत त्या गावाबाहेरच्या झाडाला टांगून ठेवतात, म्हणजे गेलेला माणूस घरात अडकत नाही. भावेशला हे नव्याने सांगायची गरज नव्हती, तरी तो मान खाली घालून ऐकत राहिला.

राहण्याची व्यवस्था चारुदत्तने केली. हा जीवनचा शाळेतला मित्र. आता नवीन पनवेलमध्ये फ्लॅट घेऊन राहतो आणि कॉम्प्युटरवर काहीतरी करतो.

“सेंट्रली लोकेटेड आहे दादा,” तो म्हणाला होता. “सगळं वॉकिंग डिस्टन्सवर. समोर मोठा चौक आहे, झाडंबिडं आहेत. एका रात्रीचा तर प्रश्न आहे.”

झाडं आहेत हे ऐकून भावेशला बरं वाटलं होतं.

अँटवर्पला पोचल्यावर पहिलं काम त्याने अस्थी ताब्यात घेण्याचं केलं. गोदीजवळच्या कचेरीत एका सभ्य बाईने त्याच्या हातात राखाडी डबा आणि दाखला दिला. तिथेच, तिच्या टेबलाच्या कडेला उभं राहून, त्याने डब्यातलं सगळं तांब्यात ओतलं. सहा फुटांचा पोरगा, आणि तांब्यात मावला. भावेशने झाकण दाबून बसवलं, वरून लाल फडकं गुंडाळलं आणि जाळ्याच्या दोरीने गाठ मारली. ती गाठ अशी की लाट आली तरी सुटत नाही. बाईने एक कागदी पिशवी पुढे केली. भावेशने ती घेतली नाही. तांब्या छातीशी धरून तो चालत निघाला.

हॉस्टेल दुपारी दोनला उघडलं. काउंटरवरच्या मुलीने त्याला चादर, कुलूप आणि खोलीचं कार्ड दिलं. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आठ जणांची सोय होती, एकावर एक असे पलंग. बायका-पुरुष एकत्र. एक मुलगी केस विंचरत होती, कुणी झोपलं होतं, कुणी केळं खात होतं, खाली ओले टॉवेल पडलेले. भावेश दारातच थबकला. इथे जीवनला आत न्यायचं? परक्यांच्या अंथरुणांत? त्याला ते विचारानेही सहन होईना. त्याने बॅग वरच्या पलंगावर टाकली आणि तांब्या घेऊन उलट्या पावली खाली आला.

चौकात खरंच झाडं होती. रुंद पानांची, बुंध्यावरून सालं सुटणारी, त्याच्या ओळखीची नव्हती. पण झाड ते झाड. त्याने हॉस्टेलच्या खिडकीसमोरचंच एक झाड निवडलं आणि हात पोचेल त्या सगळ्यांत उंच फांदीला दोरीच्या उरलेल्या टोकाने तांब्या बांधला. भोवती माणसांचा नुसता पूर लोटला होता. खुर्च्या टाकून बिअर पिणारे, फोटो काढणारे, सायकलवाले, कुणी बाजा वाजवत होता. पनवेलला स्मशानाजवळच्या झाडाकडे लोक मान वर करूनही बघत नाहीत. लाल फडकं दिसलं की लहान मूलसुद्धा वाट बदलतं. इथेही तसंच असणार, असं भावेशने गृहीत धरलं. मेलेल्या माणसाला कोण हात लावतो? जगात कुणीच लावत नसेल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दोन तास तो झाडाखालच्या बाकावर राखण करत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी, मग विमान, मग मुंबई, मग करंज्याचं पाणी. बसल्या बसल्या तो जीवनशी मनातल्या मनात बोलला. कळंबोलीला रडलो होतो हे त्याने त्याला सांगितलं. जिवंतपणी हे सांगायला त्याची जीभ कधी वळली नव्हती.

चार वाजता मोबाइल बंद पडायला आला. आई तिकडे फोनची वाट बघत बसली असणार. चार्जिंगची सोय वर पलंगाशी, खिडकीला लागूनच होती. तिथून झाड समोर दिसतं याची त्याने मघाशीच खात्री केली होती. तो वर गेला, मोबाइल लावला आणि खिडकीपाशी उभं राहून नंबर फिरवला.

“मिळाला?” गंगाबाईने विचारलं.

“मिळाला. माज्याजवळ हाय.”

“घरात नाय ना ठेवला?”

“नाय. झाडाला बांधलाय. समोर दिसतो मला हितनं.”

पलीकडे ती रडायला लागली. किती आठवड्यांनी तो आईचा आवाज नीट ऐकत होता. तिने त्याला जेवलास का विचारलं. नाही म्हणाल्यावर जेव म्हणाली. डोळे पुसायला भावेशने खिडकीकडे पाठ केली. मिनिटभर असेल.

“बग त्याच्याकडं,” गंगाबाई म्हणाली. “हाय ना नीट?”

त्याने वळून पाहिलं. फांदी रिकामी होती.

खाली सात-आठ पोरं होती, सगळ्यांच्या अंगात एकसारखे गुलाबी बनियन. लग्नाआधीची मौज करायला इंग्लंडहून आलेलं टोळकं, हे त्याला पुढे कोर्टात कळलं. एकाच्या डोक्यावर नवरीचा पांढरा जाळीदार पदर बांधलेला होता, तो नवरदेव. एक जण दुसऱ्याच्या खांद्यावरून नुकताच उतरत होता. त्याच्या हातात लाल गाठोडं होतं, फांदीची दोरी कापलेली. त्याने ते कानाशी धरून हलवलं, हसला आणि दगडी फरशीवर टाकून लाथ मारली. पदरवाल्याने ते पायाने अडवलं आणि पुढच्याला दिलं. तांब्याचा खणखण आवाज पहिल्या मजल्यापर्यंत आला.

मोबाइल कधी हातातून सुटला ते भावेशला कळलं नाही. “भावेश, हाय ना?” हे आई पुन्हा विचारत होती तेव्हा तो जिन्यात होता.

पहिला त्याच्या वाटेत आला तो लाथ मारायला पाय मागे घेऊन उभा होता. भावेशने त्याला मागून मानेला धरलं आणि बिअरच्या टेबलावर तोंडावर आपटलं. पेले फुटले. दुसरा वळला, त्याच्या नाकावर मूठ बसली आणि तो मटकन खाली बसला. जाळी ओढून आणि ट्रेलरचे साखळदंड आवळून घडलेले ते हात होते. पोरांना आधी कळेचना की हा काळा माणूस कोण आणि कशासाठी मारतो आहे. कळेना म्हणून ती सगळी एकदम तुटून पडली. कुणी खुर्ची घातली, ती भावेशच्या पाठीत मोडली. तो गुडघ्यांवर आला. बरगड्यांत बूट बसले, भुवई फुटली, एक डोळा रक्ताने बंद झाला. तो ओरडत होता, “माजा भाव हाय तो, सोडा, माजा भाव हाय.” शंभर माणसं बघत होती, आणि त्यातल्या एकालाही ते समजलं नाही.

लाथा खात खातच तो रांगत पुढे गेला आणि अंगाखाली तांब्या घेऊन पालथा पडला. असा पडला की आता त्याला मारून टाकलं असतं तरी तांब्या मिळाला नसता. मग काही बायका किंचाळल्या, हॉटेलचे वाढपी धावले, पोरांना मागे ओढलं गेलं. लाथा थांबल्या.

भावेश उठून बसला. त्याने गाठोडं चाचपलं. तांब्या दोन ठिकाणी चेपला होता. फडकं मळलं होतं, एका बाजूला फाटलं होतं. पण झाकण घट्ट होतं आणि गाठ जशीच्या तशी होती. कणभरही सांडलं नव्हतं. जीवन सगळाच्या सगळा त्याच्या हातात होता.

इथे उठून तो हॉस्टेलमध्ये गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. आईला फोन केला असता, दोन दिवसांनी करंज्याला गेला असता, भुवईला टाके पडले असते, बस. मी हे पुन्हा पुन्हा मनात आणतो आणि मला त्याचा संताप येतो. पण तो उठला, आणि समोर तो पदरवाला पोरगा आला.

त्या पोराच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. आपण लाथाडलं ते काहीतरी वेगळं होतं, देवाबिवाचं असावं, एवढं त्याच्या ध्यानात आलं असावं. वीस-बावीस वर्षांचा, दाढीही धड न आलेला. दोन्ही हात पुढे करून तो “सॉरी, सॉरी” म्हणत जवळ आला आणि त्याने भावेशच्या खांद्यावर हात ठेवला.

भावेशचा उजवा हात सुटला. हातात काय आहे हे हाताने पाहिलं नाही. आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. गाठीला धरलेला तांब्या पूर्ण वेगाने फिरला आणि त्या पोराच्या डाव्या डोळ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. पोरगा सरळ मागे कोसळला. तरी भावेश थांबला नाही. त्याच्या छातीवर बसून त्याने आणखी दोनदा तांब्या हाणला. तिसऱ्या वेळी फडकं पार फाटलं आणि झाकण उडालं.

करडा ढग उठला आणि त्या पोराच्या तोंडावर बसला. केसांत गेला, उघड्या तोंडात गेला, रक्तात कालवला गेला. बारीक हाडांचे पांढरे तुकडे त्याच्या गुलाबी बनियनवर पडले. भावेशचा हात हवेतच राहिला.

मग त्याने काय करावं? तो त्या पोराच्या तोंडावरून राख गोळा करायला लागला. दोन्ही तळव्यांनी, हळुवारपणे, गालावरून, मानेवरून. ती ओली झाली होती, बोटांना चिकटत होती, तांब्यात पडत नव्हती. लोकांना वाटलं हा अजून त्याचा गळा दाबतोय. चार पोलिसांनी त्याला उपडं पाडून हात मागे बांधले. गाल फरशीला टेकवलेल्या अवस्थेत त्याने पाहिलं की पोराला स्ट्रेचरवर घेतलं, तोंडाचा चिखल झालेला तो पोरगा गाडीत चढवला आणि दार लावलं. त्याच्याबरोबर निम्मा जीवन गेला. उरलेला निम्मा वाऱ्याने नेला, आणि मग कुणीतरी नळी लावून रक्त धुतलं तेव्हा गटारात गेला.

पोरगा वाचला. डोळा गेला. भावेशला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. तिथल्या हिऱ्यांच्या बाजारातला, मराठी समजणारा एक गुजराती म्हातारा दुभाष्या म्हणून आला होता. तांब्यात काय होतं हे त्याने न्यायाधीशाला सांगितलं. शिक्षा त्यामुळेच कमी झाली म्हणतात. तुरुंगातून भावेश आईला फोन करायचा. मारामारी झाली, एवढं तिला चारुदत्तकडून कळलेलंच होतं. बाकी भावेश एवढंच म्हणायचा की तांब्या पोलिसांकडे ठेवलेला आहे, सुटताना देतील. हे खोटं नव्हतं. सुटताना त्यांनी दिलाही. पुराव्याची वस्तू म्हणून तो तपासून, स्वच्छ धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता.

न्यायला चारुदत्त विमानतळावर आला. वाशीचा पूल ओलांडेपर्यंत भावेशने त्याला सगळं सांगून टाकलं. चारुदत्त म्हणाला, “दादा, बेलपाड्याला एका चहावाल्याकडे लाकडाची चूल आहे. मूठभर राख घेऊ. काकूंना काय कळणार? तिच्या मनाला शांती तरी मिळेल.”

चौदा महिन्यांपूर्वी या वाक्याला चारुदत्तची बत्तिशी हातात आली असती. भावेशने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. चारुदत्तने गाडी हळू केली. चूल रस्त्यावरून दिसत होती, तिच्या तोंडाशी राखेचा ढीगही होता. भावेश तिकडे बघत राहिला, आणि मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही.

“चल पुढं,” तो म्हणाला.

गंगाबाई दारात उभी होती. जीवन गेल्यापासून तिने केसांना तेल लावलं नव्हतं, सण केला नव्हता. अस्थी पाण्यात पडल्याशिवाय सुतक फिटत नाही, असा तिचा हट्ट होता. शेजारच्या बायका करंज्याला जायच्या तयारीने येऊन बसल्या होत्या. भावेशने पिशवीतून तांब्या काढून तिच्या पुढे धरला. तिने तो दोन्ही हातांत घेतला. चाळीस वर्षं मासळी हातात घेऊन वजन सांगणारी बाई ती.

“हलका हाय,” ती म्हणाली.

भावेशने सांगितलं. दारातच, बायकांदेखत, काही न लपवता. गाठ सुटली नव्हती हे सांगितलं, आणि मग आपण काय केलं तेही सांगितलं. त्याचं बोलणं संपेपर्यंत गंगाबाई हलली नाही. मग तिने कोपऱ्यातला धुण्याचा दांडका उचलला आणि त्याला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, मनगटावर, डोक्यावर. टाळू फुटून रक्त कानामागून उतरलं. बायका धावल्या, तिने त्यांनाही दांडका दाखवला. भावेश उभाच राहिला. त्याने तोंड चुकवलं नाही, हात मध्ये घातला नाही. उजव्या मनगटाचं हाड तडकलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. ती थकली तेव्हाच थांबली.

धापा टाकत ती उंबऱ्यावर बसली. “तो पोरगा जगला?”

“जगला.”

“आयस हाय त्याची?”

“हाय. कोर्टात आली होती.”

“म्हंजी दवाखान्यात पन आली असंल.” तिने खाडीकडे पाहिलं. “तिनं धुतलं असंल त्याचं तोंड.”

“नर्सनी धुतलं असंल आये.”

“नर्स वरवर पुसते. नाकाकानातलं आयसच काढते, ओल्या फडक्यानं.” तिचा आवाज आता खाली आला होता. “तिच्याच हातनं माजा जीवन पान्यात गेला. मी नव्हती तर दुसरी होती.”

ती उठली, अंगणातल्या मोरीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. विसर्जनाहून आलेल्या माणसाने घ्यावं तसं. बायकांनीही मग काही न विचारता एकेक करून पाय धुतले. शेवटी भावेश डाव्या हाताने सदरा काढत मोरीपाशी आला. गंगाबाईने उरलेली बादली त्याच्या पायांपाशी ओतून दिली.

“तू नको,” ती म्हणाली. “तुजं सुतक आजून हाय.”

आणि केस पुसत ती आत निघून गेली. भावेश अंगणातच बसून राहिला, आणि चारुदत्तने त्याला हाड बसवायला नेईपर्यंत कुणी त्याच्याजवळ गेलं नाही.